भरावभूमीतील मिथेन उत्सर्जनाचे मापन व व्यवस्थापन : नांदेड व लातूर शहरांच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : घनकचरा, भरावभूमी, मिथेन, विनॉक्सी विघटन, जैवआवरण, बायोमायनिंग, मराठवाडा

१. प्रस्तावना

नांदेड शहराचा कचरा तुप्पा येथे आणि लातूर शहराचा कचरा वरवंटी येथे नेऊन टाकला जातो, ही बाब दोन्ही शहरांतील नागरिकांना वर्षानुवर्षे परिचित आहे. अशा कचरा डेपोंविषयी जी चर्चा होते ती मुख्यतः दुर्गंधी, धूर, माश्या, मोकाट कुत्री व विहिरींचे दूषित पाणी या प्रश्नांभोवती फिरते. हे प्रश्न खरे आहेत व परिसरातील ग्रामस्थांना ते रोज भोगावे लागतात. परंतु ढिगाच्या पोटातून अहोरात्र बाहेर पडणारा एक वायू रंगहीन व गंधहीन असल्यामुळे कोणाच्याही तक्रारीत येत नाही. हा वायू म्हणजे मिथेन होय.

मिथेनचे महत्त्व दोन कारणांनी आहे. एक, तो ज्वालाग्राही आहे. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असताना ठिणगी मिळाल्यास स्फोट होऊ शकतो. कचरा डेपोंना उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी दिवसेंदिवस धुमसत राहतात, त्यामागे या वायूचा मोठा वाटा असतो. दोन, तो प्रभावी हरितगृह वायू आहे. हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) सहाव्या मूल्यांकन अहवालानुसार, शंभर वर्षांच्या कालावधीत समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता सुमारे २७ ते ३० पट आहे आणि वीस वर्षांच्या कालावधीत ती ८० पटींहून अधिक आहे. मात्र वातावरणातील त्याचे आयुष्य सुमारे बारा वर्षांचेच असते. म्हणून आज मिथेन रोखल्यास त्याचा लाभ याच पिढीला मिळतो.

भारताच्या एकूण मिथेन उत्सर्जनापैकी सुमारे तीन चतुर्थांश शेती व पशुपालन यांतून होते आणि साधारण सातवा हिस्सा कचरा व सांडपाणी यांतून होतो. पशुधन व भातशेती यांतील उत्सर्जन घटविणे हा उपजीविकेशी निगडित व अवघड प्रश्न आहे. कचऱ्यातील उत्सर्जन घटविण्यात कोणाच्या उपजीविकेला बाध येत नाही, उलट अनेकांचे आरोग्य सुधारते.

प्रस्तुत लेखात भरावभूमीत मिथेन कसा तयार होतो, त्याचा अंदाज कसा बांधला जातो, प्रत्यक्ष मापनाच्या कोणत्या पद्धती उपलब्ध आहेत आणि मध्यम आकाराच्या शहरांसाठी व्यवस्थापनाचा कोणता क्रम योग्य ठरतो, याचे विवेचन केले आहे. मराठवाड्यातील पर्जन्यमान, माती व खडक यांचा या प्रश्नाशी असलेला संबंधही स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. मिथेन निर्मितीची प्रक्रिया

घरातील उरलेले अन्न, भाजीपाल्याची देठे, फळांच्या साली, बाजारातील टाकाऊ माल व पालापाचोळा यांना सामान्यतः ओला कचरा म्हटले जाते. हा कचरा ढिगावर पडल्यानंतर आरंभीचे काही दिवस कणांमधील हवा शिल्लक असते. या काळात ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू त्याचे विघटन करतात आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व उष्णता बाहेर पडते. वर नवा कचरा पडून थर दाबला गेला की आतील ऑक्सिजन संपतो. त्यानंतर दुसऱ्या प्रकारचे जिवाणू पिष्टमय पदार्थ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे आम्लांत रूपांतर करतात. शेवटच्या टप्प्यात मिथेनजनक सूक्ष्मजीव या आम्लांपासून व हायड्रोजनपासून मिथेन तयार करतात. ऑक्सिजनविना घडणाऱ्या या प्रक्रियेस विनॉक्सी विघटन म्हणतात. गोबरगॅस संयंत्रात घडते तीच ही प्रक्रिया होय. फरक इतकाच की संयंत्रातील वायू नळीतून चुलीपर्यंत नेला जातो आणि ढिगातील वायू वाट मिळेल तेथून निसटतो.

स्थिरावलेल्या भरावभूमीतील वायूत साधारणतः निम्मा मिथेन व निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. कुजण्याचा उग्र वास येतो तो अल्प प्रमाणातील गंधकयुक्त व अन्य संयुगांचा असतो. त्यामुळे वास कमी झाला म्हणजे मिथेन थांबला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मिथेनचे प्रमाण ठरविणारे घटक प्रामुख्याने चार आहेत : ओल्या कचऱ्याचे प्रमाण, ढिगाची खोली, आतील ओलावा व तापमान, आणि वरील आवरणाचे स्वरूप. यांपैकी ढिगाची खोली हा घटक पुढील विवेचनात विशेष महत्त्वाचा ठरतो.

३. अंदाजाची रीत आणि तिच्यातील एक पेच

जगभर वापरली जाणारी अंदाजपद्धती आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत दिली आहे. कचऱ्यातील विघटनशील कार्बन दरवर्षी ठरावीक प्रमाणात घटत जातो, हे तिचे गृहीतक आहे. रसायनशास्त्रात यास प्रथम कोटी क्षय म्हणतात. या पद्धतीनुसार ताज्या अन्नकचऱ्याच्या वजनात १५ टक्के विघटनशील कार्बन धरला जातो. त्यापैकी निम्मा प्रत्यक्षात विघटित होतो आणि विघटित कार्बनपैकी निम्म्याचा मिथेन बनतो असे मानले जाते. शिवाय ढिगाच्या प्रकारानुसार एक गुणांक लावला जातो. ढिगात हवा जितकी कमी शिरेल तितका हा गुणांक मोठा असतो.

या आकड्यांवरून एक टन अन्नकचऱ्यापासून कालांतराने निर्माण होणारा मिथेन पुढीलप्रमाणे येतो.

तक्ता क्र. १ : एक टन अन्नकचऱ्यापासून मिळणारा मिथेन
(अ) पाच मीटरपेक्षा कमी खोलीचा उघडा ढीग (गुणांक ०.४) : २० किलोग्रॅम
(आ) हवा खेळती ठेवणारी अर्धऑक्सी भरावभूमी (गुणांक ०.५) : २५ किलोग्रॅम
(इ) पाच मीटर वा त्याहून अधिक खोलीचा उघडा ढीग (गुणांक ०.८) : ४० किलोग्रॅम
(ई) दाबून, आच्छादून बांधलेली भरावभूमी (गुणांक १.०) : ५० किलोग्रॅम
(उ) तुलनेसाठी, त्याच कचऱ्याचे कंपोस्ट खत केल्यास : सुमारे ४ किलोग्रॅम

खोल ढिगातील ४० किलोग्रॅम मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा ठरतो. म्हणजेच एक टन ओला कचरा खोल ढिगात टाकणे हे हवामानाच्या दृष्टीने जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्यासारखे आहे.

या तक्त्यातून एक पेच निर्माण होतो. उघड्या उथळ उकिरड्याच्या जागी खोल, दाबलेली व मातीने झाकलेली भरावभूमी आली की दुर्गंधी, माश्या व आगी कमी होतात. परंतु आतील हवा कोंडल्यामुळे मिथेन निर्मिती अडीच पट होते. वायू गोळा करण्याची व्यवस्था नसेल तर ‘सुधारणा’ झालेली भरावभूमी जुन्या उकिरड्याहून अधिक मिथेन सोडते. वायूपैकी ६० टक्के भाग विहिरींद्वारे गोळा केला आणि उरलेल्यातील दहावा हिस्सा आवरणातील जिवाणूंनी नष्ट केला असे मानले, तरी टनामागे १८ किलोग्रॅम मिथेन हवेत जातोच. हा आकडा उथळ ढिगाच्या २० किलोग्रॅमच्या जवळपास आहे. गोळा होणारा वायू ३० टक्केच असेल तर उत्सर्जन ३१ किलोग्रॅमच्या वर जाते.

याचा अर्थ उघडा उकिरडा बरा असा मुळीच नाही. झिरपणारे दूषित पाणी, विषारी धूर व रोगराई यांमुळे तो सर्वथा त्याज्य आहे. अर्थ असा की ओला कचरा तसाच ठेवून केवळ ढिगाची रचना बदलल्याने मिथेनचा प्रश्न सुटत नाही. नियोजनाच्या कागदावर ‘शास्त्रोक्त भरावभूमी’ हे शब्द उमटले की प्रश्न मिटल्याचा समज होतो, तो या आकडेमोडीवर टिकत नाही.

शहराच्या पातळीवर याचे परिमाण लक्षात यावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. चार लाख लोकसंख्येच्या शहरात दरडोई दररोज ४०० ग्रॅम कचरा निघतो व त्यातील निम्मा अन्नकचरा आहे असे गृहीत धरल्यास वर्षाला सुमारे २९,२०० टन अन्नकचरा जमा होतो. हा सर्व उथळ ढिगावर गेल्यास त्यापासून सुमारे ५८४ टन, खोल उघड्या ढिगावर गेल्यास १,१६८ टन आणि वायुसंकलन नसलेल्या बंदिस्त भरावभूमीत गेल्यास १,४६० टन मिथेन तयार होतो. कंपोस्ट केल्यास हा आकडा ११७ टनांच्या आसपास राहतो. दरवर्षी तेवढाच कचरा पडत राहिला तर काही वर्षांनी वार्षिक निर्मिती याच आकड्यांजवळ स्थिरावते. २०११ च्या जनगणनेनुसार लातूरची लोकसंख्या सुमारे ३.८ लाख व नांदेडची सुमारे ५.५ लाख होती, हे लक्षात घेतल्यास प्रश्नाचा आवाका ध्यानात येईल.

४. मराठवाड्याचे हवामान, माती व खडक

अंदाजपद्धतीतील दुसरी अनिश्चितता विघटनाच्या वेगाविषयी आहे. आयपीसीसीची मार्गदर्शिका उष्ण प्रदेशांचे दोन वर्ग करते. वार्षिक पर्जन्यमान १,००० मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास तो ‘कोरडा उष्ण’ प्रदेश ठरतो. लातूर व नांदेड हे दोन्ही जिल्हे सरासरी पर्जन्यमानाच्या आधारे याच वर्गात येतात. कोरड्या वर्गात अन्नकचऱ्याचा अर्धायुकाल सुमारे आठ वर्षे धरला जातो, तर ओल्या वर्गात तो दोन वर्षांहूनही कमी असतो. पहिल्या गृहीतकानुसार २०१० मध्ये टाकलेल्या अन्नकचऱ्यातील विघटनशील भागापैकी २०२५ मध्ये चतुर्थांशाहून अधिक भाग शिल्लक राहतो. दुसऱ्या गृहीतकानुसार तो जवळजवळ संपलेला असतो. जुन्या ढिगाचे काय करावे, हा निर्णय या उत्तरावर अवलंबून आहे.

वस्तुस्थिती दोन्हींच्या मध्ये कोठेतरी असण्याचा संभव आहे. मराठवाड्यातील पाऊस तीन-चार महिन्यांतच पडतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तर काही वर्षी अतिवृष्टीने शेती वाहून जाते. याखेरीज अन्नकचरा स्वतःसोबतच भरपूर पाणी घेऊन येतो. त्यामुळे बाहेर दुष्काळ असतानाही ढिगाचे पोट ओले असू शकते. पुस्तकातील गुणांक निवडून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, त्यासाठी त्या ढिगाचेच मापन करावे लागते.

मातीचा विचारही आवश्यक आहे. ढिगावर आवरण म्हणून जवळची माती टाकली जाते आणि या प्रदेशात ती बहुधा काळी असते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेली ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला रुंद भेगा पडतात. चैत्र-वैशाखात रानातून चालताना या भेगा कोणाच्याही दृष्टीस पडतात. ढिगावरील आवरणालाही त्या तशाच पडतात आणि कोंडलेला वायू त्यांतून वर येतो. म्हणून केवळ काळ्या मातीचे आवरण पुरेसे मानता येत नाही. खाली फुटीर बेसॉल्ट असल्यास वायू व दूषित पाणी या दोहोंनाही खडकातील फटींमधून आडवे सरकण्यास वाव मिळतो. ढिगालगतच्या विहिरी, तळघरे व बंद खोल्या यांचे परीक्षण त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

५. प्रत्यक्ष मापनाच्या पद्धती

५.१ उपग्रहाद्वारे निरीक्षण : ऑगस्ट २०२२ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्ली, मुंबई, लाहोर व ब्युनोस आयर्स या शहरांतील भरावभूमींचे उत्सर्जन उपग्रहांच्या साहाय्याने मोजण्यात आले. मुंबईतील भरावभूमीतून ताशी सुमारे १० टन मिथेन बाहेर पडत असल्याचा अंदाज त्यात दिला आहे. या शहरांचे एकूण मिथेन उत्सर्जन प्रचलित नोंदींच्या १.४ ते २.६ पट आढळले. कागदी अंदाज किती चुकू शकतात, याचा हा पुरावा होय. परंतु अधिक स्पष्ट चित्र देणाऱ्या उपग्रहांनाही अनुकूल स्थितीत ताशी साधारण १०० किलोग्रॅमच्या पुढील उगमच दिसतात. वर घेतलेल्या काल्पनिक शहराचे खोल ढिगातील उत्सर्जन ताशी सुमारे १३३ किलोग्रॅम येते. म्हणजे मध्यम शहरांचे ढीग उपग्रहाच्या दृष्टीच्या काठावर आहेत व त्यांच्यासाठी जमिनीवरील मापनास पर्याय नाही.

५.२ पायी सर्वेक्षण : हातात धरण्याजोगे मिथेनमापक यंत्र घेऊन ढिगावर ठरावीक अंतराच्या समांतर रेषांत चालावयाचे व पृष्ठभागापासून ५ ते १० सेंटिमीटर उंचीवरील प्रमाण नोंदवावयाचे, अशी ही पद्धती आहे. अमेरिकेतील नियमांत साधारण ३० मीटर अंतराच्या रेषा व दर तिमाहीस सर्वेक्षण विहित केलेले असून पार्श्वभूमीपेक्षा दशलक्ष भागांत ५०० भाग अधिक मिथेन आढळल्यास दुरुस्ती करावी लागते. मोकळ्या हवेतील मिथेन सध्या दशलक्ष भागांत सुमारे १.९ भाग आहे. या पद्धतीने एकूण उत्सर्जन समजत नाही, पण गळतीच्या जागा, भेगा व आगीचा संभव असलेली ठिकाणे नेमकी सापडतात.

५.३ बंद पेटीची पद्धती : तळ नसलेली एक पेटी ढिगावर उपडी घालून कडा मातीने बंद करतात आणि आतील मिथेन किती वेगाने वाढतो हे दर काही मिनिटांनी मोजतात. उदाहरणार्थ, पाव चौरस मीटर क्षेत्र व २० सेंटिमीटर उंचीच्या पेटीत दहा मिनिटांत मिथेन दशलक्ष भागांत २०० भागांनी वाढला, तर पेटीत सुमारे १० मिलिलिटर म्हणजे साधारण ६.५ मिलिग्रॅम मिथेन जमा झाला. त्यावरून दर चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ३.७ ग्रॅम उत्सर्जन निघते. ही पेटी महाविद्यालयीन कार्यशाळेत बनविता येते. एका जागेचे मापन संपूर्ण ढिगाचे प्रतिनिधित्व करीत नाही, म्हणून माथा, उतार, जुना भाग, नवा भाग व भेगा अशा निरनिराळ्या जागी पुष्कळ मापने घ्यावी लागतात.

५.४ निरीक्षण नळ्या : ढिगात व त्याच्या हद्दीबाहेर सच्छिद्र नळ्या पुरून आतील वायूचे प्रमाण, तापमान व दाब नोंदविता येतो. आतील तापमान अनपेक्षितपणे वाढू लागले तर ते अंतर्गत ज्वलनाचे लक्षण असू शकते. वातावरणाचा दाब उतरत असताना ढिगातून अधिक वायू बाहेर येतो. त्यामुळे प्रत्येक नोंदीसोबत दाब, वारा व तापमान यांची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

६. कायदेशीर चौकट

नागरी घनकचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम, २००० यांनी भरावभूमीवरील मिथेनचे प्रमाण स्फोटाच्या किमान मर्यादेच्या २५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये अशी अट घातली. किमान मर्यादा ५ टक्के असल्याने ही अट १.२५ टक्क्यांची होते. एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी वर्षातून दोनदा वायुमापन विहित करण्यात आले. नांदेड व लातूर या वर्गात मोडतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ही मर्यादा कायम ठेवली. गोळा केलेला वायू इंधन वा वीज म्हणून वापरावा, ते शक्य नसल्यास जाळून टाकावा आणि दोन्ही अशक्य असतील तरच मोकळा सोडावा, असा क्रम त्यांत दिला होता. भरावभूमीत केवळ निरुपयोगी, अविघटनशील व निष्क्रिय कचराच जावा, हे तत्त्वही या नियमांनी स्पष्टपणे मांडले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. २५ टक्क्यांची मर्यादा स्फोटापासून सुरक्षिततेसाठी आहे. ती हवेतील प्रमाण सांगते, दिवसाला किती मिथेन निसटतो हे सांगत नाही. वाऱ्याच्या उघड्या माळावर ही मर्यादा सहज पाळली जाईल आणि तरीही वर्षाला शेकडो टन मिथेन वातावरणात जात राहील. म्हणून नियमपालनाचा अहवाल व उत्सर्जनाचा अहवाल या दोन स्वतंत्र गोष्टी मानल्या पाहिजेत. वर्षातून दोनदाच मापन करावयाचे असल्यास वेळाही विचारपूर्वक निवडाव्यात. एक मापन भेगा रुंदावलेल्या मे महिन्यात व दुसरे ढीग ओला असताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेतल्यास दोन टोकांच्या स्थितींचे ज्ञान होते.

७. व्यवस्थापनाचे मार्ग व त्यांचा क्रम

७.१ ओला कचरा ढिगापर्यंत जाऊ न देणे : तक्ता क्र. १ मधील सर्वांत लहान आकडा कंपोस्टचा आहे. बायोगॅस संयंत्र असल्यास ऊर्जाही मिळते. नांदेड हे सचखंड श्री हुजूर साहिबमुळे यात्रेकरूंचे शहर आहे. लातूर ही मोठी बाजारपेठ असून शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे व खानावळी तेथे आहेत. अन्नशिजवणीची मोठी केंद्रे, भाजीमंडई व वसतिगृहे येथे ओला कचरा एकाच जागी व तुलनेने निर्भेळ मिळतो. घराघरांतील वर्गीकरण पूर्णत्वास जाण्याची वाट न पाहता या ठिकाणांपासून आरंभ करता येतो. घंटागाडीत वेगळा घेतलेला कचरा डेपोवर पुन्हा एकत्र होत नाही, याची खात्री नागरिकांना मिळणे मात्र अत्यावश्यक आहे. अन्यथा वर्गीकरणाची सवय टिकत नाही.

७.२ जुन्या ढिगाचे बायोमायनिंग : ढीग खणून त्याच्या लांबट रांगा रचणे, त्या वारंवार उलथून हवा देणे, विघटन पूर्ण झाल्यावर चाळणीतून माती, प्लास्टिक, दगड-विटा वेगळ्या करणे, असे या प्रक्रियेचे स्वरूप आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी आरंभ झालेल्या स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये जुने ढीग हटविणे हे उद्दिष्ट ठरले. हवा मिळताच विनॉक्सी प्रक्रिया थांबते, त्यामुळे मिथेनच्या दृष्टीने हा उपाय मूलगामी आहे. परंतु खणताना कोंडलेला वायू एकदम मोकळा होतो व आतील तप्त कचऱ्यास हवा मिळून आग लागू शकते. यंत्रचालक व मजूर यांच्या सुरक्षिततेसाठी खणण्यापूर्वी व खणताना मिथेनचे मापन झालेच पाहिजे. कामाची प्रगती केवळ किती टन माल चाळला यावर मोजली जाते. उत्सर्जन किती घटले, ही नोंदही तिच्या जोडीला हवी. एका बाजूने ढीग उपसणे व दुसऱ्या बाजूने मिश्र कचरा ओतणे चालू राहिल्यास खर्च होतो, पण प्रश्न तेथेच राहतो.

७.३ जैवआवरण : परिपक्व कंपोस्टच्या सच्छिद्र थरात मिथेनभक्षी जिवाणू वाढतात व वर येणाऱ्या मिथेनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. खाली वायू पसरविणारा खडीचा थर व वर कंपोस्टचा थर अशी रचना असते. शहराच्या स्वतःच्या कचऱ्यातून तयार झालेले, परंतु शेतीस न चालणारे खत येथे उपयोगी पडते. उन्हाळ्यात हा थर वाळला तर जिवाणू निष्क्रिय होतात, म्हणून मराठवाड्यात त्यावर प्रक्रिया केलेले सांडपाणी शिंपडण्याची सोय करावी लागेल. लगेच हटविता न येणाऱ्या ढिगासाठी हा उपाय काळ्या मातीच्या आवरणापेक्षा श्रेयस्कर आहे.

७.४ अर्धऑक्सी भरावभूमी : जपानमधील फुकुओका विद्यापीठ व फुकुओका शहर यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत तळाशी मोठ्या सच्छिद्र नळ्या टाकतात. ढिगातील उष्णतेमुळे आतील वायू वर जातो व नळ्यांतून बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. त्यासाठी वीज लागत नाही. प्रक्रियेनंतर उरणाऱ्या कचऱ्यासाठी नवी जागा विकसित करताना मध्यम शहरांनी या पर्यायाचा विचार करणे हितावह आहे.

७.५ वायुसंकलन : मुंबईतील गोराई येथे १९७२ पासून कचरा टाकला जात होता. सुमारे १९.६ हेक्टरची ही जागा २००७ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर ढिगास आकार देऊन, अभेद्य आवरण घालून व वायुविहिरी खणून मिथेन जाळण्याची व्यवस्था करण्यात आली. महाराष्ट्रातील शास्त्रोक्त समापनाचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे. परंतु तेथील ढीग खोल व मोठा होता, पाऊस भरपूर होता आणि कार्बन क्रेडिटच्या विक्रीतून अर्थसाहाय्याची तरतूद होती. उथळ व लहान ढिगांत विहिरींतून वायूसोबत बाहेरची हवाही ओढली जाते व वायूचा पुरवठा अनिश्चित राहतो. म्हणून मध्यम शहरांत मापनाने पुरेसा वायू सिद्ध झाल्याशिवाय वीजनिर्मितीचे प्रकल्प हाती घेणे धोक्याचे ठरते.

८. ग्रामस्थांचा प्रश्न व महाविद्यालयांची भूमिका

फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. दीर्घकाळ शहराचा कचरा सोसल्यानंतरचा तो उद्रेक होता. शहरात कचराकोंडी झाली, पर्यायी जागांच्या शोधात नव्या वस्त्यांचा विरोध उभा राहिला आणि मार्चमध्ये मिटमिटा येथे हिंसक संघर्ष घडला. मराठवाड्यातील प्रत्येक शहराने या घटनेतून बोध घेणे आवश्यक आहे. शहराच्या सोयीचा भार ज्या गावावर पडतो त्या गावाला किमान ढिगातून काय बाहेर पडते हे कळण्याचा अधिकार आहे. मोजलेले व जाहीर केलेले आकडे नसतात तेव्हा एका बाजूस भीती वाढते व दुसऱ्या बाजूस आश्वासने वाढतात.

या ठिकाणी महाविद्यालयांना निश्चित कार्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पदवी स्तरावर पर्यावरणशास्त्र हा अनिवार्य विषय झाला व त्यात क्षेत्रकार्याचा समावेश करण्यात आला. अनेकदा हे क्षेत्रकार्य वृक्षगणना वा प्रकल्पवहीपुरते मर्यादित राहते. त्याऐवजी रसायनशास्त्र विभागाने वायुमापन, सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने मिथेनभक्षी जिवाणूंचा अभ्यास, भूगोल विभागाने ढिगाचा नकाशा व घनफळ, अर्थशास्त्र विभागाने पर्यायांचा खर्च आणि समाजशास्त्र विभागाने कचरावेचक व ग्रामस्थांच्या स्थितीची पाहणी, असे काम वाटून घेतल्यास एक आंतरविद्याशाखीय प्रकल्प उभा राहतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे येत असल्याने एकाच पद्धतीने दोन्ही ढिगांचे तुलनात्मक मापन करणे शक्य आहे. महानगरपालिकेची परवानगी, सुरक्षिततेची साधने, अनुभवी व्यक्तीची सोबत आणि धुमसणाऱ्या भागापासून दूर राहणे, या अटी मात्र काटेकोरपणे पाळल्या पाहिजेत.

९. निष्कर्ष

(१) ओला कचरा तसाच ठेवून भरावभूमी अधिक खोल व बंदिस्त केल्यास, पुरेशा वायुसंकलनाअभावी मिथेन उत्सर्जन घटण्याऐवजी वाढते.
(२) एक टन अन्नकचऱ्यामागे कंपोस्टमधून सुमारे ४ किलोग्रॅम व भरावभूमीतून २० ते ५० किलोग्रॅम मिथेन निर्माण होतो. म्हणून ओला कचरा उगमाशीच वेगळा करणे हा मिथेन व्यवस्थापनाचा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय आहे.
(३) नांदेड व लातूर यांसारख्या शहरांचे उत्सर्जन उपग्रहातून खात्रीने दिसेल इतके मोठे नाही, पण दुर्लक्षिण्याइतके लहानही नाही. त्यासाठी मे व सप्टेंबर-ऑक्टोबरमधील नियमित स्थानिक मापन आवश्यक आहे.
(४) जुन्या ढिगांसाठी मापनासह बायोमायनिंग, ते होईपर्यंत जैवआवरण आणि उर्वरित निष्क्रिय कचऱ्यासाठी अर्धऑक्सी भरावभूमी हा क्रम या प्रदेशास अनुरूप आहे.
(५) मापनाचे निष्कर्ष परिसरातील गावांना मराठीत व नियमितपणे उपलब्ध करून दिले जावेत.

तुप्पा व वरवंटी येथील ढीग एका दिवसात उभे राहिले नाहीत व एका दिवसात नाहीसेही होणार नाहीत. परंतु उद्या सकाळी घंटागाडीत पडणारा ओला कचरा त्या ढिगांवर जाणार की खताच्या खड्ड्यात, हा निर्णय रोज नव्याने घेतला जातो. पुढील दशकातील मिथेनचे प्रमाण बहुतांशी त्या निर्णयावर ठरणार आहे.